सदबानं बसवलेलं मीटर

एका गावात एक भोळा भाऊ होता. तिघांतला सगळ्यांत धाकटा. नाव सदबा.

सदबाला कुणी मूर्ख म्हटलं की त्याच्या आईला राग यायचा. "मूर्ख नाही तो," ती म्हणायची. "सांगितलेलं ऐकतो, एवढंच."

आणि ते खरं होतं. सदबाला सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. फक्त ती त्याला एक काम उशिरा आठवायची.

त्याच्या घराला लागून एक पत्र्याची शेड होती. शेडच्या एका अंगाला थोरल्या वहिनीची, अनसूयेची, पिठाची गिरणी. दुसऱ्या अंगाला मधल्या वहिनीचं, रत्नाचं, मिरची कांडप. दोन्ही यंत्रं एकाच मीटरवर चालत. बिल आलं की शेडमध्ये आधी पीठ उडायचं, मग मिरची, आणि मग शब्द.

"माझं कितीसं जळतं?" अनसूया म्हणायची. "चार बायका दळण घेऊन येतात नि जातात. सगळी वीज खातं ते कांडप."

"माझं कितीसं जळतं?" रत्ना म्हणायची. "चार दणके दिले की मिरची बारीक. सगळी वीज पिते ती गिरणी."

भांडण सुरू झालं की दोघे भाऊ शेतावर जात. शेतात काम नसलं तर काढत. त्या वर्षी पंचक्रोशीत त्यांच्याइतके चांगले बांध कुणाच्याच शेताला नव्हते.

शेवटी एक दिवस थोरला भाऊ उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "सबमीटर बसवा. कुणाच्या यंत्राला किती वीज लागते ते फोनवर दिसेल. नाही जमलं, तर शेडमधून नि घरातून सरळ एक भिंत घालू. ज्याचं त्याला." आणि बांध घालायला गेला.

सदबा विचारात पडला. घरात भाकरी अनसूया वहिनी करायची आणि कालवण रत्ना वहिनी. भिंत झाली तर एका बाजूला कोरडी भाकरी राहणार आणि दुसऱ्या बाजूला नुसतं कालवण.

"आई, मग मी कुठं बसायचं?"

"भिंतीवर," आई म्हणाली. हसली, आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला.

सदबानं ते पाहिलं. "मीटर मी बसवतो," तो म्हणाला.

कुणी नाही म्हटलं नाही. अनसूयेनं बसवलं असतं तर रत्नाला पटलं नसतं, रत्नानं बसवलं असतं तर अनसूयेला. सदबा दोघींचा होता.

तालुक्याला पतंगेशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मीटर तिथून आणायचं होतं. निघताना अनसूया म्हणाली, "नाजूक वस्तू आहे हं सदबा. तान्ह्या बाळासारखी आण."

सदबानं तालुक्यात आधी एक टोपडं घेतलं, मग मीटर घेतलं. खोक्याला टोपडं घातलं, उपरण्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. खड्डा आला की थोपटायचा.

शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "केवढं आहे रे लेकरू?"

"एक वर्षाची गॅरंटी आहे," सदबा म्हणाला.

म्हातारी जरा सरकून बसली. "आणि रडत कसं नाही?"

"अजून वीज दिली नाही."

म्हातारी उठून पुढच्या बाकावर गेली.

घरी आल्यावर सदबानं खोकं झोळीत घातलं आणि झोके द्यायला लागला. रत्ना हात पुसत बाहेर आली. "भावजी, मीटर कुठंय?"

"हळू बोला वहिनी. आत्ताच डोळा लागलाय."

रत्नानं कपाळाला हात लावला. "अहो भावजी, ते काय पोर आहे? बाहेरून काही आलं की दोरी सोडायची, उघडायचं, आतलं एकेक काढून मांडायचं आणि काय कमी-जास्त आहे ते बघायचं!"

"मला आधी सांगायचं," सदबा म्हणाला. "आता ध्यानात राहील."

आणि राहिलं.

दुसऱ्या दिवशी मीटर बसवायला हिरामण वायरमन आला. खांद्यावरची पिशवी ओट्यावर ठेवून तो हात-पाय धुवायला मोरीवर गेला. सदबानं पाहिलं. बाहेरून काहीतरी आलं होतं. त्यानं पिशवीची दोरी सोडली आणि आतलं एकेक काढून ओट्यावर मांडलं. पक्कड. टेस्टर. चिकटपट्टी. कंगवा. मुळव्याधीच्या गोळ्या. डबा. डबाही त्यानं उघडला. दळणाला आलेल्या बायका बघत होत्या.

हिरामण परत आला.

"चपात्या तीन आहेत," सदबा म्हणाला. "भाजी कमी आहे. गोळ्यांचं पाकीट अर्धं रिकामं आलंय. परत पाठवायचं का?"

एका बाईनं तोंडाला पदर लावला. हिरामणनं गोळ्या खिशात कोंबल्या, बाकीचं पिशवीत भरलं. "अरे, दारी कुणी आलं तर आधी पाट द्यावा, पाणी द्यावं, प्रवास कसा झाला विचारावं! ही काय रीत झाली?"

"मला आधी सांगायचं. आता ध्यानात राहील."

"तूच बसव आता तुझं मीटर," हिरामण म्हणाला आणि चालता झाला.

वायरमन गेला. आता सदबा होता, आणि फोनवर पतंगेशेठ होते. रत्नानं आपला नवा फोन सदबाच्या हातात दिला, वायफायचा पासवर्ड त्याच्या कानात सांगितला आणि बजावलं, "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही."

पतंगेशेठ भला माणूस होता. ते म्हणाले, "घाबरू नको सदबा. मी एकेक सांगतो. आधी मीटरला वीज दे. डबीवर हिरवा दिवा लागला की मला सांग."

सदबानं मीटरच्या डबीची पिन सॉकेटमध्ये लावली. हिरवा दिवा लागला. म्हणजे मीटर आलं. सदबानं पाट मांडला. त्यावर डबी ठेवली. समोर तांब्या-पेला ठेवला.

"दिवा लागला?" पतंगेशेठनं विचारलं.

"लागला साहेब. पाट दिला. प्रवास कसा झाला तेही विचारलं. पण पाणी काही घेत नाही. दोन थेंब तोंडाला लावून बघू का?"

फोनमध्ये पतंगेशेठ इतक्या मोठ्यानं ओरडले की गिरणीवरच्या बायकांनाही ऐकू आलं. "पाणी लांब कर! अरे, विजेची वस्तू आहे ती! उंच ठेवायची, कोरड्या जागी, कुणाचा हात पोचणार नाही अशी!"

"मला आधी सांगायचं. आता ध्यानात राहील."

शेडच्या भिंतीत, मेन स्विचच्या वर, एक कोनाडा होता. पूर्वी तिथं कंदील ठेवत. अनसूयेनंच पुढं होऊन मीटरची डबी त्या कोनाड्यात ठेवली. सदबाला वाटलं, चला, एक काम झालं. मग त्याचं लक्ष हातातल्या फोनकडं गेलं. तीही विजेचीच वस्तू.

थोड्या वेळानं पतंगेशेठनं पुन्हा फोन लावला. घंटी वाजत होती आणि फोन कुठंच दिसत नव्हता. रत्ना शेडभर फिरली. तिनं पिठाच्या डब्यात पाहिलं, मिरचीच्या पोत्यात पाहिलं, शिंकली, आणि वर पाहिलं. सदबा शिडी चढत होता. फोन शेडच्या पत्र्यावर होता, अगदी आढ्याला. सदबानं तो कानाला लावला.

"साहेब, मी वरून बोलतोय."

"वरून म्हणजे कुठून?"

"पत्र्यावरून. उंच आहे, कोरडं आहे, आणि माझाच हात पोचत नव्हता."

दुकानात पतंगेशेठनं पाणी मागवल्याचं सदबाला ऐकू आलं. मग ते म्हणाले, "सदबा, नीट ऐक. मीटर आणि फोन ही जोडी आहे. मीटर जिथं, फोन तिथं. अगदी शेजारी-शेजारी ठेव."

"मला आधी सांगायचं. आता ध्यानात राहील."

या वेळी सदबानं लगेच ऐकलं. खाली उतरला आणि फोन कोनाड्याजवळ धरला. फोननं मीटर ओळखलं. सगळ्यांना बरं वाटलं. आई आतून गूळ-शेंगदाणे घेऊन आली. मग फोनवर एक चौकोन उमटला आणि सदबानं हात मागं घेतला.

"आता काय दिसतंय?" पतंगेशेठनं विचारलं.

"फोन पासवर्ड मागतोय."

"मग दे की."

"छे! कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. मीटरची नि माझी ओळख कालची."

"अरे बाबा, विचारलं की सांगायचं! जसंच्या तसं! एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही, एक अक्षर गाळायचं नाही!"

"मला आधी सांगायचं," सदबा म्हणाला. पतंगेशेठनं ओरडून सांगितलं म्हणून त्यानं तो भरलाही. मीटर वायफायला जोडलं गेलं. आता फक्त दोन कडी राहिली होती. मीटरला दोन वायरी होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला चिमट्यासारखं उघडणारं एक कडं होतं. एक कडं गिरणीच्या तारेभोवती घालायचं, दुसरं कांडपाच्या. मग कुणाला किती वीज लागते ते फोनवर दिसणार होतं.

एवढ्यात अनसूया जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "काय रे सदबा, मघाशी ती रत्ना तुझ्याशी काय कुजबुजत होती? माझ्याबद्दलच ना?"

विचारलं की सांगायचं. जसंच्या तसं. सदबा ताठ उभा राहिला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलला.

"आज नाही वहिनी. परवा म्हणाली. आक्काची गिरणी म्हणजे फुकटची म्हैस. दिवसभर रवंथ करते, आणि वैरणीचा भार माझ्या शेळीवर. आणि आक्काच्या पिठापेक्षा आक्काच जास्त भरड आहे."

शेडमधली गिरणी थांबली. कांडपही थांबलं. रत्ना पुढं आली. तिचे कान लाल झाले होते.

"आणि आक्का काय म्हणते माझ्याबद्दल? तेही सांगा ना भावजी!"

तिनंही विचारलंच होतं.

"आक्का म्हणते, रत्नाच्या कांडपात मिरची कमी नि माणसं जास्त कुटली जातात. आणि म्हणते, तुमच्या माहेरी वीज नव्हती म्हणून तुम्हाला इथं ती जपून वापरता येत नाही."

पुढं जे झालं ते दळणाच्या बायकांनी गावभर सांगितलं, तेव्हा इथं परत सांगत नाही. एवढंच सांगतो, की दोघे भाऊ शेतावर होते, आणि बोलावणं जाऊनही ते आले नाहीत, आणि तासाभरात अनसूयेनं स्वतःच निरोप धाडून श्रीपती गवंड्याला बोलावून घेतलं. विटा आल्या. वाळू आली. श्रीपतीनं घराच्या ओट्यापासून शेडच्या मागच्या भिंतीपर्यंत सुतळी ताणली. ती सुतळी चुलीच्या बरोबर मधून गेली. आई सुतळीपाशी बसून राहिली.

"मुडद्या," ती सदबाला म्हणाली, "दोघींची तोंडं दोन दिशांना झाली, की एकीला आत नि दुसरीला बाहेर असं करायचं नसतं. दोघींना धरून एका कड्यात ठेवायचं असतं. एक लाल झाली, एक काळी पडली, तरी दोघी एकत्रच. एवढं कळलं असतं तर ही सुतळी आली नसती."

सदबाला गलबलून आलं. "मला आधी सांगायचं, आई," तो म्हणाला. या वेळी हळू म्हणाला. "आता ध्यानात राहील."

श्रीपती माल कालवायला लागला. अजून दोन कडी घालायची राहिली होती. पतंगेशेठनं फोनवर सांगितलं, "आधी मेन स्विच बंद कर. केलास? आता बघ. प्रत्येक यंत्राला दोन तारा जातात. एक लाल, एक काळी. कडं फक्त लालभोवती घालायचं. काळी बाहेर ठेवायची. समजलं?"

"समजलं," सदबा म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानं कोनाड्यातून खाली उतरणाऱ्या गिरणीच्या तारा पाहिल्या. लाल एकीकडं तोंड करून होती, काळी दुसरीकडं. त्यानं कडं उघडलं. लाल आत घेतली. मग बाहेर राहिलेल्या काळीकडं पाहिलं. एकीला आत नि दुसरीला बाहेर! आत्ताच तर आईनं सांगितलं होतं. शेठ भला माणूस, पण त्याच्या घरात जावा नसतील. सदबानं काळीलाही आत घेतलं आणि कडं टक्कन बंद केलं. कांडपाच्या तारांचंही तसंच केलं. दोघी दोघी एकत्र. मग त्यानं मेन स्विच चालू केला.

"झालं," तो म्हणाला. "यंत्रं चालवा."

अनसूयेनं गिरणी सुरू केली. रत्नानं कांडप. शेड थरथरायला लागली. दोघी कोनाड्यापाशी आल्या आणि एकमेकींना धक्का लागणार नाही अशा बेतानं फोनमध्ये वाकल्या. श्रीपतीही थापी घेऊन डोकावला.

गिरणी : शून्य.

कांडप : शून्य.

सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. यंत्रं धडधडत होती. फोन शून्यच दाखवत होता.

"बघ!" अनसूया म्हणाली. "मी म्हणत नव्हते, माझं काहीच जळत नाही?"

"आणि मी म्हणत नव्हते?" रत्ना म्हणाली. "माझंही काही जळत नाही!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींचंही खरं निघालं होतं. असं त्या घरात आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळं पुढं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग बिल कसलं येतं?" रत्नानं हळूच विचारलं.

"अगं, तेच म्हणते मी," अनसूया म्हणाली. "आपण दोघी शून्य. मग एवढी वीज कुणाची?"

दोघींनी मिळून आईकडं पाहिलं.

"माझा पंखासुद्धा बंद असतो गं!" आई म्हणाली.

"आई नाहीत," अनसूया म्हणाली. "मोठ्या मीटरचीच काहीतरी खोट आहे. रत्ना, पदर खोच. वीज कार्यालयात जाऊ नि साहेबाला धरून इथं आणू. डोळ्यांनी बघू दे त्याला शून्य."

"चला आक्का. मी बोलते, तुम्ही रागवा. तुम्हाला छान जमतं."

"आणि तुला बोलायला," अनसूया म्हणाली, आणि स्वतःच हसली.

निघताना दोघींनी सदबाला समोर उभं केलं.

"हे शून्य साहेब येईपर्यंत असंच राहिलं पाहिजे," अनसूया म्हणाली.

"मीटर हलता कामा नये, फोन हलता कामा नये," रत्ना म्हणाली. "कुणाचा हात लागू देऊ नका. नीट बंदोबस्त करा, भावजी."

दोघी एका रिक्षात बसून गेल्या. सदबा बंदोबस्ताचा विचार करत कोनाड्यासमोर उभा राहिला.

श्रीपती गवंडी मागून म्हणाला, "सदबा, मी माल कालवून बसलोय. तो घट्ट व्हायला लागला. भिंत घालायची का नाही? कुठं घालायची?"

सदबानं कोनाड्याकडं पाहिलं. मग विटांकडं पाहिलं.

वीज कार्यालयात दोघींना बराच वेळ बाकावर बसवलं. बसून काय करणार, त्या बोलत राहिल्या. रत्नानं चहा सांगितला, अनसूयेनं पदराला बांधलेली वडी सोडून तिला दिली. साहेब मिळाला तेव्हा एक बोलली आणि दुसरी रागावली, आणि साहेब मुकाट्यानं रिक्षात बसला.

वाटेत त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दोन्ही यंत्रं चालू, आणि दोन्हींना शून्य?" तो म्हणाला. "मग लाल नि काळी दोन्ही तारा एकाच कड्यात घातल्या असतील. एकीनं गेलेली वीज दुसरीनं परत येते. हिशेब फिटतो आणि कड्याला काहीच कळत नाही. काळी बाहेर काढली की खरा आकडा दिसेल. दोन मिनिटांचं काम."

रत्नानं अनसूयेकडं पाहिलं. अनसूयेनं बाहेर पाहिलं. खरा आकडा बघायची आता दोघींनाही फारशी घाई नव्हती.

घरी आले. ओट्यावरची सुतळी नव्हती. आई चुलीपाशी बसली होती आणि चूल पेटली होती. शेडमध्ये श्रीपती थापी धूत होता. "झालं बघा," तो म्हणाला. "विटा संपल्या, सिमेंट संपलं. सदबानं दुहेरी घालायला लावली."

"काय दुहेरी?" अनसूयेनं विचारलं.

श्रीपतीनं बोट दाखवलं. जिथं कोनाडा होता तिथं आता कोनाडा नव्हता. मेन स्विच होता, त्याच्या वर खाली उतरणाऱ्या चार तारा होत्या, आणि त्या ज्यातून येत होत्या ती एक ओली, जाड, नुकतीच घोटलेली भिंत होती.

सदबा तिच्यापुढं काठी घेऊन उभा होता. "कुणाचा हात लागू दिला नाही," तो म्हणाला. "उंच आहे. कोरडं मात्र उद्या होईल."

साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कडी आत आहेत?"

"आत आहेत. दोघी दोघी एकत्र."

"बरं. निदान फोन दाखवा. आकडा तरी बघू."

सदबानं साहेबाकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. शिकलेला माणूस, आणि एवढं ठाऊक नाही.

"साहेब, मीटर नि फोन जोडी आहे. मीटर जिथं, फोन तिथं."

रत्ना मटकन पोत्यावर बसली. अनसूया तिच्या शेजारी बसली. आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण दळणाला आलेल्या बायका सांगतात की दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

आणि तेवढ्यात भिंत वाजायला लागली. आतून, बारीक, रत्नाच्या फोनची घंटी. तालुक्याहून पतंगेशेठ विचारत असणार, काम झालं का म्हणून.

सदबा पुढं झाला. ओल्या सिमेंटला त्यानं कान लावला, मग तोंड लावलं, आणि मोठ्यानं म्हणाला,

"साहेब, मी बाहेरून बोलतोय!"